मेमी स्मिथ : 'खपणार नाही' म्हणणाऱ्यांना उत्तर देणारा आवाज

मेमी स्मिथ या अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका. जन्म ओहायो राज्यातील सिनसिनाटीचा. दहाव्या वर्षापासूनच त्या व्हॉडव्हिलच्या फिरत्या मंडळींत नाचू लागल्या. व्हॉडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नाच, नकला, जादू, सगळंच! पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्यांचं गाणं गाजलं.

तेव्हाच्या रेकॉर्ड कंपन्यांचा समज असा की, काळ्या बाईचं गाणं विकत कोण घेणार? संगीतकार पेरी ब्रॅडफर्ड यांनी मात्र 'ओके' कंपनीचा पिच्छा पुरवला. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमींनी 'क्रेझी ब्लूज' गायलं. काळ्या समाजाच्या सुखदुःखातून आलेले हे 'ब्लूज' गाणे काळ्या गायिकेच्या आवाजात प्रथमच तबकडीवर आले आणि हजारो तबकड्या हातोहात खपल्या. गिऱ्हाईक आधीपासून होतंच, त्याला कोणी विचारलं नव्हतं! मग मा रेनी, बेसी स्मिथ अशा गायिकांनाही दार उघडलं.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेमींचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसायला अनेक दशके जावी लागली.

वर्गात आम्ही मुलांना हेच सांगतो : कोणी 'जमणार नाही' म्हटलं, तर अदबीनं विचारा, 'करून पाहिलंय का?'