कलमतराश : बीड प्रांतातील लेखनसाहित्याचे एक उपेक्षित अंग

दप्तर हाती आले की प्रथम शक व मिती पाहावी, मग शिक्का, मग मोर्तब, मग अक्षराचे वळण. आणि रुमालाबरोबर जे किरकोळ लटांबर येते, म्हणजे फुटकी दौत, रिकामी वाळूदाणी, दोन-चार सुकलेले बोरू, एखादा गंजलेला चाकू, ते यजमानाच्याच ओसरीवर सोडून यावे, अशी आम्हां कागदशोधकांची जुनी रीत आहे. त्या लटांबरातील चाकूविषयी चार शब्द लिहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू. आम्हांस खिशातील घडीच्या चाकूंचा छंद फार वर्षांपासून आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. म्हणजे विषयाच्या प्रेमाने कोठे अतिशयोक्ती झाल्यास वाचकांस तिचे कारण ठाऊक राहील.

घडीचा चाकू ही वस्तू आधुनिक नव्हे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीची, मिटणाऱ्या पात्याची सुरी सापडली असून तिचा काळ ख्रिस्तपूर्व ६००–५०० च्या सुमाराचा धरतात. आमच्या पेटीत इतके जुने काही नाही. रामपुरी आहेत, नक्षत्र आणि माल्टीज क्रूस अशी जोडखूण मिरविणारे शेफील्डच्या रॉजर्सचे आहेत, १८९० पासून निघू लागलेला सॅव्हॉय प्रांतातील ओपिनेलचा लाकडी मुठीचा एक आहे. परंतु पाते किती इंच, मूठ शिंगाची की हस्तिदंताची, खटका आहे किंवा नाही, एवढे नोंदविल्यावर या मंडळीस विचारण्याजोगे काही उरेना. नवा चाकू येई तो जुन्याचेच भावंड म्हणून येई. छंदाचा रस आटत चालला होता, आणि पेटी विकून टाकावी असा विचारही आमच्या मनात येऊन गेला.

बीड प्रांताचे नाव पात्यांच्या संग्राहकांस अपरिचित नाही. निजामाच्या अमदानीत बीडची चामड्याची छागल आणि बीडची गुप्ती या दोन जिनसा प्रसिद्ध होत्या. गुप्तीच्या मागे संग्राहक लागावे हे साहजिक. काठीत दडलेल्या पात्यात गूढ असते. मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली १९६२ साली जे नियम झाले त्यांत काठीतील तलवारीचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा त्या मोहास आम्ही दुरूनच नमस्कार केला. आम्ही अंबेजोगाईस गेलो ते एका जुन्या कुलकर्णी घराण्याचे मोडी कागद पाहण्यास. ज्या कलमदानातून त्या घरातील लेखण्या निघाल्या, त्याच्या तळाशी आमच्या छंदाचे पुनरुज्जीवन पडलेले होते.

तो चाकू सव्वादोन इंच पात्याचा. पाते अरुंद, पाठीकडे जाड, धारेकडे अत्यंत पातळ, टोक किंचित खाली झुकलेले. मूठ पात्याच्या दुपटीहून लांब. इतक्या लहान पात्यास इतकी लांब मूठ कशास, हा प्रश्न आमच्या मनात येताच यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी उत्तर दिले, “तो बोरूचा चाकू. भाजीला लावू नये असा दंडक होता.” फारशीत यासच कलमतराश म्हणतात, म्हणजे लेखणी तासणारा. इंग्रजीतील ‘पेननाइफ’ हा शब्दही पिसाच्या लेखणीचे टोक करण्यावरूनच आला आहे. पुढे लेखणी गेली, नाव राहिले, आणि खिशातील वाटेल त्या लहान चाकूस ते चिकटले. आमच्या पेटीतील अर्ध्या चाकूंच्या नावातच लेखणी होती, आणि आम्ही इतकी वर्षे त्यांची फक्त पाती मोजीत होतो!

बोरू घडविण्याची क्रिया ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. पिकलेल्या, सरळ, दोन पेरांमधील बोरूचा तुकडा घेऊन एका बाजूने लांब तिरपा काप देतात. आतील भुसभुशीत गर खरवडून काढतात. दोन्ही अंगांनी खांदे उतरवून जीभ अरुंद करतात. जिभेच्या मध्यावर शाई उतरण्यासाठी चीर पाडतात. आणि शेवटी हाडाच्या अथवा कठीण लाकडाच्या पट्टीवर जीभ टेकवून एका दाबात टोक छाटतात. या शेवटच्या छेदास कत म्हणतात. तो दुसऱ्यांदा देता येत नाही असे नाही, परंतु दुसऱ्यांदा दिला की जीभ आखूड होते. कताचा तिरपेपणा लिपीप्रमाणे आणि हाताप्रमाणे बदलतो, आणि अक्षराचा जाड-बारीकपणा त्यावरच अवलंबून असतो. लांब मूठ मुठीत पक्की धरावी, अंगठा पात्याच्या पाठीवर टेकावा, आणि जोर नेमका सव्वादोन इंचांत उतरावा, अशी ही योजना आहे. भाजीस ती निरुपयोगी, आणि भाजीने तिची धार बिघडे. दंडक शहाणपणाचा होता.

आता मुख्य गोष्ट. बोरूचे टोक लिहिता लिहिता झिजते व रेघ फुगत जाते. त्याच दप्तरातील एका ताळेबंदाच्या बंदावर पहिल्या ओळीतील उभ्या रेघा बारीक व काठाने स्वच्छ आहेत. त्या हळूहळू रुंद होत अकराव्या ओळीत बोथट दिसतात. आणि बाराव्या ओळीच्या मध्यात, एका नावाच्या दोन अक्षरांमध्ये, रेघ एकदम पुन्हा बारीक होते. तेथे कारकुनाने हात थांबविला आणि चाकू उचलला! शाईच्या बुडवणीने होणारा फरक निराळा: तो चार-सहा शब्दांत गडदाकडून फिकटाकडे जातो आणि पुन्हा गडद होतो, झिजेचा फरक ओळीच्या ओळी चालतो. यावर आक्षेप येईल की कारकून तीन-चार लेखण्या अगोदरच घडवून ठेवीत, तेव्हा येथे चाकू न उचलता नुसती लेखणी बदलली असेल. आक्षेप रास्त आहे. केवळ रेघेवरून हा निकाल होत नाही. म्हणूनच कलमदानातील उरलेले बोरू टाकून देऊ नयेत. या कलमदानात पाच होते, पैकी तीन करंगळीएवढे आखूड उरले होते. ज्या घरात लेखणी शेवटच्या पेरापर्यंत तासली जाई, तेथे नवा कत हाच नेम होता असे म्हणण्यास आधार मिळतो.

चाकूचे दुसरे काम इतके निष्पाप नव्हे. पोथीतील चूक हरताळ लावून झाकीत. त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. परंतु दौलताबादेकडील घोटलेल्या कागदावर कलमतराशाने अक्षर खरवडूनही काढता येई, आणि खरवडल्या जागी दुसरे लिहिता येई. सनद, इनामपत्र, कर्जरोखा यांत रकमेपुढे ‘निमे’ म्हणून तिची अर्धी रक्कम लिहिण्याची जी चाल मोडी कागदांत सर्वत्र आढळते, ती या चाकूविरुद्ध उभारलेली तटबंदीच होय: खरवडणारास एक आकडा बदलून भागत नसे. कागद तिरप्या उजेडात धरावा. खरवडल्या जागी घोटाई गेलेली असते व शाई किंचित पसरते. संशयित सनदेची परीक्षा करणारांनी अक्षराच्या वळणाइतकाच याही खुणेचा विचार करावा.

या प्रांताच्या दोन थोर लिखितांविषयी येथे लिहिणे प्राप्त आहे. अंबेजोगाईचे दासोपंत (इ. स. १५५१–१६१५) यांची पासोडी, सुमारे २४ हात लांब आणि अडीच हात रुंद कापडावर लिहिलेले पंचीकरण, वाचकांस ठाऊक आहे. त्यांस रोज ढब्बू पैशाची शाई लागे अशी परंपरागत कथा आहे. शाईचा हिशेब लोकांनी लक्षात ठेवला. लेखण्यांचा कोणी ठेवला नाही. कापडाच्या खडबडीत पोतावर बोरू कागदाहून लवकर झिजतो, हे आम्ही खादीच्या तुकड्यावर लिहून पाहिले आहे. तेव्हा पासोडीच्या प्रत्येक हातावर कत किती वेळा नवा झाला, हे मूळ वस्त्राजवळ बसून मोजण्याजोगे काम आहे. याच्या उलट गोष्ट पाटांगणच्या ज्ञानेश्वरीची. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी बीडकडील या पोथीवरून आपली प्रत १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केली. मूळ पोथी आज उपलब्ध नाही. छापील प्रतीत शब्द आहेत, पाठ आहेत, व्याकरणही आहे. रेघ नाही. जुनेपणाविषयी जो वाद होत आला, त्यात लेखणीच्या कताची साक्ष काढण्याची सोय उरलेली नाही.

अंबेजोगाईचेच दुसरे नाव मोमिनाबाद, आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी १९०३ पर्यंत होती. त्याच दप्तरात तळाच्या रुमालात एक रॉजर्सचा घडीचा चाकू निघाला. तो छावणीच्या बाजारातून आला असावा असा आमचा तर्क आहे. त्याच रुमालातील कागद टाकाने लिहिलेले, एकसारख्या रेघेचे आहेत. पोलादी टाक तासावा लागत नाही. चाकू घरात आला तो लेखणीचे काम संपत असताना आला.

एक अपराध येथे सांगितला पाहिजे. छंदाच्या पहिल्या वर्षांत आम्ही परळीच्या बाजारात भंगारवाल्याकडून असाच लांब मुठीचा चाकू घेतला होता. तो कशाचा हे न कळून आम्ही तो खरकागदाने घासून लखलखीत केला. मुठीजवळ कोरलेली काही अक्षरे होती, ती गेली. कोणत्या दप्तराबरोबर तो भंगारात आला, हेही त्या वेळी विचारले नाही. तो आज आमच्या पेटीतील सर्वांत देखणा आणि सर्वांत मुका चाकू आहे. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवून घरगुती वस्तूंची किंमत महाराष्ट्रास दाखविली, आणि १९७५ मध्ये तो संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तरीही कागद एका संग्राहकाकडे, दौत दुसऱ्याकडे आणि चाकू भंगारात, ही वाटणी जुन्या वाड्यांच्या विक्रीत नित्य चालू आहे.

ज्यांस दप्तर पाहण्याचा योग येईल त्यांनी कलमदानातील चाकू घासू नये, तेल लावू नये. पात्याची व मुठीची लांबी, धारेची झीज कोणत्या बाजूस आहे, कत देण्याची पट्टी सोबत आहे काय, आणि तो कोणत्या रुमालात निघाला, एवढे टिपावे. अशी टिपणे आम्हांकडे आल्यास ती याच त्रैमासिकात साभार प्रसिद्ध करू.

अंबेजोगाईचा चाकू आम्ही मागितला नाही. पाच बोरू, पट्टी आणि तो, असे तिन्ही मूळ कलमदानात ठेवून, कलमदान ताळेबंदाच्या रुमालातच बांधले, आणि यादीत त्या रुमालाच्या क्रमांकाखाली नोंदविले. मातोश्रींनी गाठ स्वतः मारली.