छायाचित्राची चतुःसीमा

खरेदीखत असो वा वाटणीपत्र, जागेचे वर्णन करताना तिची चतुःसीमा लिहिण्याची आपली रीत फार जुनी आहे. आणि अरण्याने वेढलेल्या चांद्याच्या मुलखात तर पूर्वेस नाला, पश्चिमेस शेजारच्या मौजाची शीव, उत्तरेस मोहाचे जुने झाड व दक्षिणेस देवाचा दगड एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास जागा कळे, मात्र तो त्याच पंचक्रोशीतला असावा लागे. परक्यास त्यातून काहीच उलगडत नसे, आणि कचेरीतला अंमलदार बहुधा परकाच असे.

त्याच्यासाठी अंक आले. भूमापनासाठी दक्षिणेकडून त्रिकोणांची साखळी ओढीत आणणारा विल्यम लॅम्ब्टन हैदराबादेहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी येथून जवळच, हिंगणघाटास, निवर्तला. त्याचे काम एव्हरेस्टने पुढे नेले. वन खात्याने कालांतराने रानाचे परिक्षेत्र, बीट आणि कक्ष पाडले, आणि ज्या झऱ्यास गोंडी नाव होते तो कागदोपत्री अमुक कक्ष क्रमांकात जाऊन बसला.

आजच्या भ्रमणध्वनीत छायाचित्र टिपताच अक्षांश-रेखांश आपोआप त्याच्या पोटात लिहिले जातात, ही किमया अगदी अलीकडची. अमेरिकन उपग्रहांच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली, तेव्हा कोठे शंभरेक मीटरांची तफावत दहा-वीस मीटरांवर आली. परंतु ताडोबाच्या रानात वाघाचे चित्र टिपणाऱ्या यंत्रांना बहुधा ही विद्याही अवगत नसते. पूर्वी वाघाच्या पावलाचा ठसा काचेवर रेखून गणती होई. सरिस्क्यातील वाघ नाहीसे झाल्याचे उघडकीस आल्यावर त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला आणि २००६ पासून स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेण्यात आला. वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोहो अंगांस एकेक कॅमेरा बांधतात. चित्रावर दिनांक व वेळ उमटते. स्थळ मात्र कॅमेरा बांधणाऱ्या माणसाने उपकरणावर पाहून नोंदवावयाचे असते. २०१८ च्या देशव्यापी गणतीत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले, सुमारे ३ कोटी ४८ लाख चित्रे निघाली आणि त्यांत वाघाची ७६,६५१. नोंदवहीतील एक आकडा चुकला तर वाघ भलत्याच नाल्यावर पाणी पितो, आणि संगणक ते निमूटपणे मान्य करतो!

जी नोंद रक्षकाच्या उपयोगाची तीच शिकाऱ्याच्याही. हौशी पर्यटकाने अभिमानाने पाठविलेल्या वाघिणीच्या चित्रात तिच्या पाणवठ्याचा पत्ता असू शकतो. चतुःसीमेला निदान वाटाड्या लागे, या पत्त्याला तोही लागत नाही.

१९८२ साली चांद्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत हेच अंक मात्र निराळ्या कामी आले. विदर्भातील गावांना निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजांनी चराई, सरपण इत्यादी वहिवाटी लिहून दिल्या होत्या, तरी जंगलाचे धनीपण सरकारकडेच राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियम १३ पुराव्यांची जंत्री देतो, आणि तीत उपग्रहाने घेतलेली चित्रे व गावच्या वृद्धांचा लेखी जबाब एकाच पंक्तीस बसले आहेत, हे मला त्या साऱ्या कायद्यातील सर्वांत शहाणपणाचे वाटते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हापासून अनेक ग्रामसभांनी आपल्या दाव्यांसाठी नजरी नकाशा काढला आणि शीव पायी फिरून उपकरणावर बिंदू घेतले. अशा फेरीत तरुणाने टेकडीवरच्या दगडाचे छायाचित्र घेतले की दशांशचिन्हापुढे सहा अंकांपर्यंत जागा मिळते. तो दगड कोणत्या देवाचा आणि अलीकडचे रान कोणत्या गावाचे, हे मात्र मागून काठी टेकीत येणाऱ्या आजोबांना विचारून नकाशावर हाताने लिहावे लागते.