विहिरीतला मुडदा आणि चिरलेली नाकपुडी

लहानपणी मी वहीत बकरा काढला होता. एका नातेवाइकाने ‘हराम आहे’ म्हणत पान फाडलं. ओरहान पामुक यांची ‘माय नेम इज रेड’ वाचताना ते पान आठवत राहिलं आणि खुनी कोण, हे बाजूला पडलं.

मूळ तुर्की कादंबरी १९९८ची. काळ १५९१, सुलतान मुराद तिसरा याचं इस्तंबूल. पहिल्याच प्रकरणात विहिरीच्या तळाशी पडलेला मुडदा बोलू लागतो. तो दरबारी चित्रशाळेत सोनेरी नक्षी करणारा कारागीर. संशय त्याच्याच तीन सोबत्यांवर. खुनीही मधूनमधून आपली बाजू सांगतो, नाव मात्र सांगत नाही. भांडणाचं मूळ एका गुप्त ग्रंथात आहे. त्यातली चित्रं फिरंगी धाटणीची, माणूस चेहऱ्यावरून ओळखू येईल अशी.

तपासाची रीत अफलातून आहे. मयताजवळच्या कागदावर घोडा सापडतो, त्याच्या नाकपुड्या चिरलेल्या. या चित्रकारांनी सही करायची नसते. स्वतःची शैली दिसणं हा दोष. तोच दोष आता पुरावा ठरतो. मग उस्ताद उस्मान शाही खजिन्यात बसून जुने ग्रंथ चाळतो, अशी नाकपुडी आणखी कोणी काढलीय ते पाहायला.

नक्काश उस्मान खरोखर होऊन गेला. १५८२च्या शाहजाद्याच्या सुंतेचा जंगी सोहळा त्याच्या चित्रशाळेने रंगवला. खजिन्यातला शाह तहमास्पचा ‘शाहनामा’ही खरा. त्यात २५८ चित्रं होती आणि १५६८मध्ये तो इराणकडून उस्मानी सुलतान सलीमला नजराणा म्हणून आला. या ग्रंथाची पानं कोणी सुटी केली? मौलवीने नाही. विसाव्या शतकातल्या एका अमेरिकन संग्राहकाने, आणि त्यातली कित्येक विकलीसुद्धा. उरलेला भाग १९९४मध्ये इराणने डी कूनिंगचं एक चित्र देऊन परत मिळवला.

कादंबरीत चित्रकारांवर आग पाखडणारा एक होजा आहे. तशी कादीझादे मंडळींची चळवळ प्रत्यक्षात फोफावली सतराव्या शतकात. पामुक यांनी तिची चाहूल आधीच लावलीय. लेखकाला तेवढी मुभा असावी.

चित्र कोणी आणि का पुसलं, याचा तपास आपल्या पुण्यातही करता येतो. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे हस्तलिखित आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहावरचं आफताबीचं हे फारसी काव्य. त्यातल्या बहुतेक चित्रांत शहाशेजारी बसलेली बेगम खुंजा हुमायूं नंतर मिटवलेली आहे. १५६५मध्ये शहा वारला. तिने मुलाच्या नावाने कारभार हाकला आणि पुढे त्याच मुलाने, मुर्तजाने, तिला कैदेत टाकलं. तिची आकृती बहुधा त्यानंतरच मिटवली असावी. चित्रच नको असतं, तर सगळंच खरवडलं असतं. पण शहा तसाच बसलाय, दासी तशाच उभ्या आहेत. फक्त त्याच्या शेजारी रंगाचा डाग आहे.