अँटॉप हिलचा आदेश आणि किडनी कॅन्सरची गोळी

आज आपण मुंबईत अँटॉप हिलला जाणार आहोत. तिथं पेटंट ऑफिस आहे. मार्च २०१२ मध्ये इथून एक आदेश निघाला आणि परदेशातल्या बड्या औषध कंपन्यांची झोप उडाली.

पण आधी जरा मागे जाऊ. कॅन्सर किडनीपुरताच असेल तर गाठ, किंवा गरज पडली तर अख्खी किडनी काढतात. एका किडनीवर माणूस जगू शकतो, हे १८६९ मध्येच हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सायमन या सर्जननं दाखवून दिलं होतं (ती पेशंट कॅन्सरची नव्हती, बरं का). खरी अडचण पसरलेल्या कॅन्सरची. नेहमीची केमो त्याला फारशी दाद देत नाही.

मग १९९३ मध्ये व्हीएचएल हा जीन सापडला. किडनीच्या सगळ्यात कॉमन कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हाच बिघडलेला असतो. तो बिघडला की पेशीला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बंदच न होणारा खोटा अलर्ट! गाठीला आयती रसद मिळते. सोराफेनिब ही गोळी तो सिग्नल अडवते. अमेरिकेत तिला डिसेंबर २००५ मध्ये मंजुरी मिळाली. कॅन्सर मुळापासून जात नाही, पण त्याची वाढ काही काळ रोखली जाते.

आता किंमत ऐका. बायर कंपनी ही गोळी भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. हैदराबादच्या नॅटकोनं अर्ज केला: आम्ही सुमारे ८,८०० रुपयांत देतो. पेटंट कायद्याच्या कलम ८४ मध्ये अशा वेळी सक्तीचा परवाना देता येतो, पण तोवर भारतात तो कुणालाच मिळाला नव्हता.

सुनावणीत बायरचं म्हणणं, सिप्लाची स्वस्त गोळीही बाजारात आहे, तीही मोजा. आणि त्याच सिप्लावर बायरनं पेटंट मोडल्याची केस टाकलेली! मला हा भाग वाचताना हसूच आलं. कंट्रोलर पी. एच. कुरियन यांनी तो मुद्दा मानला नाही. गरजू पेशंटपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत औषध पोचतंय, भाव परवडणारा नाही, आणि ते इथं बनतही नाही, असं म्हणून त्यांनी परवाना दिला. बायरला ६ टक्के रॉयल्टी, शिवाय दरवर्षी किमान ६०० गरीब पेशंटना औषध फुकट.

बायर मुंबई हायकोर्टात हरली, डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही दखल घेतली नाही. मधल्या काळात, २०१३ मध्ये, दासाटिनिब या ब्लड कॅन्सरच्या औषधासाठी असाच अर्ज मुंबईत आला. तो मात्र फेटाळला गेला. कारण? अर्जदारानं आधी मूळ कंपनीशी बोलून परवाना मिळवायचा नीट प्रयत्नच केला नव्हता.