घरच्या घरी गाडीचे शॉकअप बदलायचे आहेत? कुठलं काम स्वतः करावं आणि कुठलं गॅरेजवर सोडावं?

खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते, मागून ‘खट्ट’ आवाज येतो आणि मेकॅनिक सांगतो, “शॉकअप गेलेत, बदलावे लागतील.” सुटे भाग हल्ली ऑनलाइन घरपोच मिळतात. शिवाय रीलमध्ये तर दोन मिनिटांत जुना शॉकअप बाहेर येतो आणि नवा आत बसतो. मग मजुरी कशाला द्यायची, असा विचार मनात येतोच.

नवशिक्याने हे काम करूच नये असं नाही. मात्र रीलमध्ये दोन गोष्टी जाणवत नाहीत. एक म्हणजे डोक्यावर उचललेली जवळपास टनभर वजनाची गाडी. दुसरी म्हणजे दाबून बसवलेल्या स्प्रिंगमधली ताकद. यातली कुठलीही सुटली, तर जिवावर बेतू शकतं.

स्प्रिंग आणि शॉकअप यांत फरक काय?

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग परत उसळते आणि तशीच सोडली तर गाडीला बराच वेळ हलवत राहते. ही उसळी रोखण्याचं काम शॉक ॲब्सॉर्बरचं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं. बारीक छिद्रांतून ते तेल ढकललं जाताना हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं, तर तो निकामी झाला असं समजावं.

भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढे ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात ही रचना तयार केली. तिच्यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच जोडणीत बसवलेले असतात. मारुती स्विफ्टसारख्या गाड्यांमध्ये मागच्या बाजूला मात्र स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. नवशिक्यासाठी हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिलं काम कुठलं निवडावं?

शॉकअप वेगळा असेल, तर मागचे शॉकअप बदलणं हे पहिल्यांदा करण्याजोगं काम. त्यात स्प्रिंग दाबावी लागत नाही.

पुढच्या स्ट्रटमधली स्प्रिंग मात्र दाबलेल्या अवस्थेतच असते. स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट तिला धरून ठेवतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळण्याआधी तो नट काढला, तर सगळे भाग गोळीसारखे उडतात. स्वस्त कॉम्प्रेसर निसटूनही अपघात होतात. म्हणून अनुभव येईपर्यंत हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावं. एक मधला मार्गही आहे: अख्खा स्ट्रट घरी काढायचा, स्प्रिंगची अदलाबदल गॅरेजमधून करून आणायची आणि तो पुन्हा घरी बसवायचा.

कायदा काय सांगतो?

कंपनीच्या मापाचाच, पण दुसऱ्या उत्पादकाचा शॉकअप बसवणं ही साधी दुरुस्ती आहे. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, कॉइलओव्हर किंवा उंची वाढवणारे किट यांची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. असा बदल विम्याच्या दाव्यातही अडचणीचा ठरू शकतो.

तयारी

जागा सपाट आणि सिमेंटची असावी. मातीत जॅक रुततो. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त पंक्चरपुरता असतो. गाडी त्यावर ठेवून खाली हात घालू नये. उचलल्यावर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन जॅक स्टँड लावावेत आणि गाडी हाताने हलवून ती पक्की बसली आहे का ते पाहावं. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं, तर तेवढाच जास्तीचा आधार.

बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, म्हणून मागची चाकं उचलली की त्याचा उपयोग राहत नाही. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत.

याशिवाय पान्यांचा सेट, टॉर्क रेंच, गंज सोडवणारा स्प्रे आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल लागतं. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना असेल, तर गाडीच्या दोन बाजू वेगळ्या वागतात.

मागचे शॉकअप बदलताना

१. आदल्या रात्री नटांवर स्प्रे मारून ठेवावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत.

२. गाडी स्टँडवर घेतल्यावर ॲक्सलखाली दुसरा जॅक हलकेच टेकवावा. शॉकअप काढला की ॲक्सल खाली झुकतो. आधार नसेल तर ब्रेकच्या होजवर ताण येतो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

३. एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

४. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबावा आणि सोडावा, म्हणजे आतली हवा निघते. दांडा पकडीने धरू नये. त्यावर ओरखडा पडला तर सील फाटून तेल गळू लागतं.

५. रबरी बुश असलेला बोल्ट आधी हातानेच बसवावा. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करावं. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो. नवशिक्यांची सर्वाधिक चूक इथेच होते.

६. प्रत्येक नट मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळावा. एकदाच वापरायचे लॉकनट नवेच घ्यावेत.

काम झाल्यावर

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात मारावी. आवाज आला किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर तिथेच थांबावं. साधारण १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत. पुढचा स्ट्रट काढला असेल, तर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर नवे टायर काही महिन्यांतच एका कडेने झिजतात.

गंजलेला बोल्ट तुटला, ब्रेकची नळी खरचटली किंवा एखादा भाग जोर लावल्याशिवाय बसत नसेल, तर काम तिथेच थांबवावं. मेकॅनिकला घरी बोलावणं किंवा गाडी टो करून नेणं खर्चिक वाटतं, पण अर्धवट बसवलेल्या भागावर गाडी चालवण्यापेक्षा ते नक्कीच परवडतं.