मधुमेही बालकांचें संगोपन



मधुमेह हा उतारवयांत सुखवस्तु माणसांस जडणारा विकार, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. शाळेंत जाणाऱ्या हडकुळ्या मुलासही तो होतो, हें पुष्कळांस खरें वाटत नाहीं. आणि या समजुतीपायीं कांहीं बालकें निदानापूर्वींच दगावतात. म्हणून या विकाराचा इतिहास थोडक्यांत सांगून, त्यांतून आईबापांनीं व शिक्षकांनीं काय घ्यावें, तें आज सांगण्याचें योजिलें आहे.

हा भेद आपल्या पूर्वजांस अज्ञात नव्हता. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार दिले आहेत: एक सहज, म्हणजे जन्मतः येणारा, व दुसरा अपथ्यानें उद्भवणारा. पहिल्याचा रोगी कृश व तृषार्त असतो, असें तेथें म्हटलें आहे. मात्र रोगाचें मूळ कळण्यास इ. स. १८८९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग या शास्त्रज्ञांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढलें, तों त्यास मधुमेह जडला. मूळ कळलें, पण औषध नव्हतें. अमेरिकेंत डॉ. ॲलन हे रोग्यांस जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचें आयुष्य थोडेंसें लांबवीत, एवढाच काय तो उपाय होता.

इ. स. १९२१ मध्यें कॅनडांतील टोरांटो येथें बॅंटिंग व बेस्ट यांना इन्सुलिन मिळविण्यांत यश आलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई दिली, ती फारशी लागू पडली नाहीं. पुढें कॉलिप यांनीं शुद्ध केलेलें औषध २३ जानेवारीपासून देतांच मूल सुधारूं लागलें. संशोधकांनीं पेटंटाचे हक्क अवघ्या एकेका डॉलरास विद्यापीठाच्या स्वाधीन केले.

परंतु इन्सुलिननें रोग समूळ जात नाहीं. तें रोज टोंचावें लागतें, आणि रोजचें काम रुग्णालयांत नव्हे, घरींच व्हावयाचें. त्याच वर्षीं टोरांटोस आलेली एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी केवळ सांपळा उरली होती. ती स्वतः सुई टोंचावयास शिकली, पुढें संसारास लागली व १९८१ पर्यंत जगली. बोस्टनचे डॉ. जॉस्लिन यांनीं रोग्यास शिकविणें हाच उपचाराचा गाभा मानला. आपल्याकडे डॉ. एस. एस. आजगांवकर यांनीं १९५५ मध्यें मुंबईंत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापिली. पुढें १९९३ मध्यें अमेरिकेंतील मोठ्या पाहणीनें सिद्ध केलें कीं, रक्तांतील साखर काटेकोर आटोक्यांत राखल्यास डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतु यांची हानि पुष्कळ टळते.

आतां हें ज्ञान मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या घरीं कसें वापरावें? मी खांडबाऱ्याचा; नवापूर तालुक्यांतील हें गांव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. आमच्या बाजूस वैशाखांत ऊन असह्य होतें, आणि उष्णतेनें इन्सुलिन निकामी होतें. घरीं शीतकपाट नसेल तर मोठ्या मडक्यांत ओली वाळू भरून, मधोमध लहान भांडें बसवावें व त्यांत कुपी कोरडी ठेवावी. बर्फांत मात्र ठेवूं नये; गोठलेलें औषधही वाया जातें.

मूल वारंवार पाणी मागूं लागलें, लघवीस वरचेवर जाऊं लागलें, सुटलेली अंथरूण ओलें करण्याची खोड पुन्हां जडली व अंग झडूं लागलें, तर देवदेवस्कींत वेळ न दवडतां रक्ततपासणी करावी. उलट्या होऊन श्वास जलद चालला असेल तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. आजारपणांत मूल जेवलें नाहीं म्हणून इन्सुलिन बंद करूं नये. मात्रा वैद्यांस विचारावी. आहारास निराळा थाट नको. घरचीच भाकरी, डाळ व भाजी वेळेवर आणि मापानें द्यावी.

शिक्षकबंधूंस एक विनंति. असें मूल वर्गांत घामाघूम झालें, थरथरूं लागलें वा वेड्यासारखें बोलूं लागलें, तर त्यास रागें भरूं नका; त्याच्या रक्तांतील साखर उतरलेली असते. तीन-चार लहान चमचे साखर पाण्यांतून तत्काळ पाजा. बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहींही न घालतां रुग्णालयांत न्या. पाणी पिण्यास वा बाहेर जाण्यास त्यास कधींही अडवूं नका. खेळांतूनही वगळूं नका.

बॅंटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. तोच जगाचा मधुमेहदिन व आपला बालदिन. त्या दिवशीं प्रत्येक शाळेनें निदान एवढें तरी शिकून घ्यावें. औषध टोरांटोनें दिलें. तें रोज वेळेवर मुलापर्यंत पोंचविण्याचें काम आपलें आहे.