ट्रॅक ०७ कोणी लिहिलं?

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक काम करा. तुमच्या फोनमधलं सगळ्यात लाडकं मराठी गाणं लावा आणि स्क्रीनकडे बघा. गायकाचं नाव दिसेल. पण लिहिलं कोणी, चाल कोणाची? बहुतेकांना नाहीच दिसणार. आपल्या नागपूर आकाशवाणीवर (१९४८ पासूनचं केंद्र आहे हे) निवेदक गाण्याआधी तीन नावं सांगतात : गीतकार, संगीतकार, गायक. तीनातली दोन नावं गेली कुठे, त्याचा हा भाग. आणि तो सुचला एक जुना म्युझिक प्लेअर लिनक्सवर नव्यानं टाकून बघताना.

गाणी माझी नाहीत, मामांची आहेत. मामा इंदोऱ्याला राहतात. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, पुस्तकं घ्यायची आणि भीमगीतं घ्यायची हा त्यांचा नेम. आधी कॅसेटी, मग एमपीथ्रीच्या सीड्या. दीक्षाभूमीचे ते स्टॉल ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको, एकाच वेळी दहा स्पीकर दहा गाणी वाजवत असतात. त्या सीड्यांवर शंभर-शंभर गाणी असायची आणि फायलींची नावं अशी : ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३. कलाकार : अननोन.

२००४ साली मी कॉलेजात होतो. हॉस्टेलच्या मित्रानं लिनक्सच्या सीड्या दिल्या आणि मी मोठ्या ऐटीत घरचा कॉम्प्युटर पुसून काढला. गाणं लावलं, तर आवाजच नाही! हा माझ्या एकट्याचा घोळ नव्हता, बरं का. एमपीथ्रीवर तेव्हा पेटंट होती. त्यामुळे रेड हॅट लिनक्सनं २००२ च्या ८.० आवृत्तीपासून एमपीथ्री वाजवणारा भागच काढून टाकला होता. प्लेअर यायचा, पण वाजवायचा तुकडा आपण वेगळा आणून बसवायचा. मी सीताबर्डीच्या एका सायबर कॅफेतून तो फ्लॉपीवर घेऊन आलो. अमेरिकेतलं शेवटचं पेटंट २०१७ मध्ये संपलं, म्हणून आज तुम्हाला असलं काही करावं लागत नाही.

तो प्लेअर होता एक्सएमएमएस. विंडोजवर १९९७ मध्ये विनॅम्प आला आणि त्याच वर्षी लिनक्सवाल्यांनी हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक्स११ॲम्प काढला. त्याचंच नाव पुढे एक्सएमएमएस झालं. विनॅम्पच्या स्किनही त्याला चालायच्या. आता गंमत ऐका. त्या स्किनमध्ये गाण्याचं नाव सरकत जायचं ना, ती अक्षरं म्हणजे एक छोटं चित्र होतं. चित्रात ए ते झेड, आकडे आणि थोडी चिन्हं. प्लेअर त्यातून एकेक अक्षर कापून चिकटवायचा. आता ह्या चित्रात 'क' कुठून आणणार?

मला तेव्हा हे कुठे माहीत! मी मामांना बाजूला बसवलं आणि हौसेनं दोन-तीन गाण्यांची नावं देवनागरीत टाकली. स्क्रीनवर प्रश्नचिन्हं आणि चौकोन. मामा म्हणाले, "हे काऊन असं दिसून राह्यलं बे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उठले, कॅसेट लावली. कॅसेटच्या कव्हरवर गीतकाराचं नाव छापलेलं होतं.

आज त्या 'काऊन'ची दोन उत्तरं मला देता येतात. पहिलं उत्तर फाइलच्या पोटात आहे. गाण्याची माहिती एमपीथ्रीतच ठेवायची जी पद्धत आहे तिला आयडी३ म्हणतात. १९९६ मध्ये ती आली तेव्हा फाइलच्या शेवटी १२८ बाइट राखून ठेवलेले असत. त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. गीतकाराला रकानाच नाही. इंग्रजीत ३० बाइट म्हणजे ३० अक्षरं. पण देवनागरी आपण यूटीएफ-८ मध्ये लिहितो, तिथे प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह ही सगळी वेगळी मोजली जातात. 'वामनदादा कर्डक' हे नाव मी मोजलं : ४० बाइट. तिसाला कापलं तर उरतं 'वामनदादा क' आणि त्यापुढे 'र'चे फुटलेले दोन बाइट. ज्या माणसानं हजारो गाणी लिहिली, त्याचं आडनावसुद्धा त्या खणात मावत नव्हतं.

१९९८ मध्ये आयडी३ची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात युनिकोड आलं, लांबीची अडचण गेली, आणि संगीतकार व गीतकार यांच्यासाठी वेगळे रकानेही आले. म्हणजे मी २००४ मध्ये भांडत होतो तेव्हा सोय होऊन सहा वर्षं झाली होती! पण सीडी भरणाऱ्यानं रकाना भरायला हवा, आणि प्लेअरनं तो दाखवायला हवा.

दुसरं उत्तर पोर्टिंगचं. पोर्ट करणं म्हणजे प्रोग्रामचं बिऱ्हाड हलवणं. घर तेच चालवायचं, पण खालची जमीन नवी. एक्सएमएमएस जीटीकेच्या पहिल्या आवृत्तीवर उभा होता. तिला जोडाक्षरं जुळवता येत नसत, आणि ऱ्हस्व वेलांटी लिहितो नंतर पण दिसते आधी, हेही तिला कळत नसे. २००२ मध्ये जीटीके २ आलं, सोबत पँगो नावाची लायब्ररी. जगातल्या लिप्या नीट मांडणं हेच पँगोचं काम. मग काही जणांनी एक्सएमएमएसचं बिऱ्हाड जीटीके २ वर हलवलं, तो झाला बीप मीडिया प्लेअर. त्यातून २००५ मध्ये ऑडेशस निघाला. ऑडेशसमध्ये चित्रातली अक्षरं बंद करायची सोय आहे. ती बंद केली आणि 'विठ्ठल उमप' हे नाव जोडाक्षरासकट नीट दिसलं. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "दिसते तं कायले ओरडतं? गाणं वाजव."

आता मी परवा टाकला तो प्लेअर. अमारोक. क्यूटीवर चालणारा, २००३ च्या सुमाराचा. १.४ ही त्याची आवृत्ती लोकांची फार लाडकी होती. २००८ मध्ये अमारोक २ आला, जवळजवळ सगळा नव्यानं लिहिलेला, आणि जुने लोक भडकले. त्यातल्या काहींनी १.४ च उचलून क्यूटी ४ वर पोर्ट केला. २०१० मध्ये आलेला क्लेमेंटाइन तो हाच. इकडे मूळ अमारोक २०१८ नंतर थंडावला. मला वाटलं, संपलं. पण एप्रिल २०२४ मध्ये ३.० आला, क्यूटी ५ वर पोर्ट होऊन, आणि वर्ष संपता संपता क्यूटी ६ चीही सुरुवात झाली. नवीन फीचर फार नाहीत. सहा वर्षं बंद असलेलं घर उघडून कोणीतरी झाडलोट केली, वायरिंग बदललं, एवढंच. मला हे काम नवीन ॲप काढण्यापेक्षा मोठं वाटतं. त्याच्या बातम्या मात्र होत नाहीत.

मामांच्या सीड्यांची सगळी गाणी त्यात ओतली. देवनागरी एकदम झकास दिसते. यादीत संगीतकाराचा रकाना लावता येतो, तो लावला. गीतकाराचा वेगळा रकाना मला काही सापडला नाही, म्हणून मी ते नाव कॉमेंटच्या खान्यात टाकतो. जुगाडच आहे, पण शोधलं की सापडतं.

खरा प्रश्न पुढे आला. टाकायचं कोणतं नाव? फायलीवर लिहिलंय ट्रॅक ०७. कॅसेटची कव्हरं केव्हाच फाटली, मामांनाही सगळं आठवत नाही. नेटवर शोधलं तर एकाच गाण्याला तीन ठिकाणी तीन नावं, आणि तिन्ही गायकांची.

मी लॅपटॉप घेऊन इंदोऱ्याला गेलो. मामांनी ट्रॅक ०७ लावायला सांगितलं. मी सवयीनं पहिलं कडवं ऐकून पुढे ढकलायला लागलो, तर त्यांनी हात धरला. "शेवटचं कडवं येऊ दे."

आपल्याकडे ही रीत जुनीच. अभंगाच्या शेवटी तुकोबांचं नाव येतं, जनाबाईंचं येतं. नाममुद्रा म्हणतात तिला. वामनदादाही ती रीत पाळायचे. ह्या रकान्याला बाइटची मर्यादा नाही, आणि सीडी भरणाऱ्याला तो पुसता येत नाही, कारण तो गाण्यातच आहे. गायक कोणीही असो, त्याला ते नाव गावंच लागतं.

शेवटचं कडवं आलं. मामा ओळ यायच्या आधीच ओठ हलवत होते. 'वामन' ऐकू आलं तसं मी गाणं थांबवलं, खाना उघडला आणि पूर्ण नाव टाइप केलं. मामांनी चष्मा लावून स्क्रीनवर वाचलं.

"आता आठ लाव," ते म्हणाले.